शंखबेटावरची उघडी कडी

सुट्टीच्या नावाखाली मला फसवून नेलं, याचा राग अजून गेलेला नाही.

"चार दिवस शंखबेटावर जाऊ. समुद्र, मासे, तात्यांनाही जरा बरं वाटेल," माझा धाकटा भाऊ संग्राम फोनवर म्हणाला होता. गोड बोलणं हा त्याचा स्वभाव नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. लाँचमधून धक्क्यावर उतरलो तर समोर पाटी: 'शंखबेट वन्यजीव संवर्धन उद्यान'. पाटीखाली पांढऱ्या कोटातली एक बाई टॅबलेट घेऊन उभी होती आणि आमची तिघांची नावं तिला पाठ होती.

"ह्या डॉक्टर इनामदार," संग्राम माझ्याकडे न बघता म्हणाला. "तात्यांच्या शामकाचं ह्याच बघणारायत."

"म्हणजे ही सुट्टी नाही."

"सुट्टीपण आहे की. उतरल्या उतरल्या लागलीस काय?"

तात्या म्हणजे आमचे वडील, हिंदुराव चौगुले. वय अडुसष्ट. आमच्या गावच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी बत्तीस वर्षं काढली, आधी पिंजऱ्यावरचे रखवालदार म्हणून आणि मग लांडग्यांच्या विभागाचे मुकादम म्हणून. आई तीन वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर त्यांची आठवण विरत गेली. आता ते मला कधी शलाका म्हणतात, कधी 'ओ बाई' म्हणतात. पण विसरण्यापेक्षा मोठं दुखणं होतं त्यांच्या चालण्याचं. संग्रामच्या घरात दिवसभर या दारापासून त्या दारापर्यंत, तिथून फाटकापर्यंत, आणि परत पहिल्यापासून. फाटक उघडं दिसलं की थेट हमरस्त्यावर. मागच्या महिन्यात त्यांना अडवायला गेली तेव्हा माझ्या वहिनीचं, स्वातीचं, मनगट दारात सापडून मोडलं.

म्हणून शामक. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू कानामागे कातडीखाली बसवतात आणि तिच्या केसासारख्या तारा मेंदूत सोडतात. आपल्या मेंदूच्या तळाशी एक साधी सोय आहे. एखादं काम सुरू केलं की तिथे एक फेरा चालू होतो, आणि काम पुरं झालं की 'झालं' असा निरोप येऊन तो थांबतो. पिंजऱ्यातल्या जनावराला हा निरोप कधी मिळतच नाही. शिकार शोधायला निघावं तर दहा पावलांवर जाळी. मग ते वळतं, परत निघतं, परत जाळी. यालाच आम्ही येरझार म्हणतो. शामक एवढंच करतो, की असा फेरा सुरू होताना ओळखतो आणि हलका विद्युतप्रवाह देऊन तो खोटा निरोप स्वतःच पोचवतो. पाय उचलायच्या आधीच जनावराला वाटतं, चालून झालं.

मला हे इतकं नीट ठाऊक आहे, कारण त्या पापात माझा वाटा आहे. कुठला फेरा निरर्थक आणि कुठला कामाचा हे यंत्राला आपोआप कळत नाही, ते माणसांनी शिकवावं लागतं. जनावरांच्या चित्रफिती बघून त्यांच्या हालचालींवर खुणा करणं हेच माझं काम. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी नऊशे तासांच्या फितींवर खुणा केल्या. त्यात आमच्याच गावच्या लांडग्यांचे तासही होते. शामक त्या खुणांवरच शिकला. गेल्या वर्षी माणसांसाठी परवानगी मिळाली, तेव्हा संग्रामने घरातल्या कॅमेऱ्याची सहा तासांची फीत मला पाठवली. "तुझंच काम आहे, तूच मोज," म्हणाला. मी मोजली. तात्यांचा येरझार-अंक आला सत्त्याऐंशी. सत्तरच्या वर असला की शामक बसवता येतो, फक्त सगळ्या मुलांच्या सह्या लागतात. संग्रामची झाली होती. माझा हात होत नव्हता, आणि का होत नव्हता ते मला सांगता येत नव्हतं.

"आधी बघा तर," डॉक्टर इनामदार म्हणाल्या. "सहीचं नंतर."

बेट मोठं देखणं होतं. कुठे जाळी दिसत नव्हती, कुठे घाण वास नव्हता, पर्यटक हळू आवाजात बोलत होते. अस्वल झाडाला पाठ टेकून बसलं होतं. तरस सावलीत होता. एकही जनावर घुटमळत नव्हतं, डोलत नव्हतं, जाळीला नाक घासत नव्हतं. मी आयुष्यभर इतकी प्राणिसंग्रहालयं पाहिली, पण अशी शांतता कुठे पाहिली नव्हती. पहिली दहा मिनिटं मला खरंच आनंद झाला, हेही कबूल करते.

मग लांडगे आले. माळरानावर आता एकही लांडगा उरलेला नाही. गावचं प्राणिसंग्रहालय पाच वर्षांपूर्वी बंद झालं तेव्हा तिथले शेवटचे नऊ लांडगे इथे आणले. आज ते एकसष्ट आहेत. डॉक्टर इनामदारांनी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता.

तात्या एकदम ताठ झाले. "ती चंद्री," ते म्हणाले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी लांडगीने टाकलेलं ते पिल्लू तात्यांनी आमच्या मागच्या अंगणात बाटलीवर वाढवलं होतं. मुलीचं नाव विसरणाऱ्या माणसाला नऊ वर्षांची लांडगी लांबून ओळखू आली. त्यांनी कठड्यावरचं पत्र्याचं झाकण उचललं आणि तीनदा वाजवलं, टण, टण टण. गावाकडे हा आवाज झाला की सगळा कळप कान टवकारून उठायचा आणि चंद्री सगळ्यांच्या पुढे असायची.

चंद्रीने डोळे उघडले. आमच्याकडे पाहिलं. कानसुद्धा वळवला नाही. मग डोळे मिटून घेतले.

"हिला काय दिलंय?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही, आजोबा. ती समाधानी आहे."

"समाधानी न्हाई. ही हितं न्हाईच."

मी डॉक्टरांवर उखडले. "तुम्ही येरझार थांबवली की इच्छाच मारली? शोध घेण्याचा फेरासुद्धा असाच सुरू होतो. तुमच्या यंत्राला फरक कळतो का?"

"तुम्ही शिकवलेला फरक कळतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "शलाकाताई, ही लांडगी इथे आल्यावर दोनदा व्याली आणि दोन्ही वेळा पिल्लं खाल्ली. शामक बसवल्यानंतर तिने चौदा पिल्लं वाढवली. तुम्ही सांगा, मी काय करायला हवं होतं?"

समोरच्याचं बरोबर असलं की माझा राग दुप्पट होतो. मी तोंड फिरवलं तर तात्या जागेवर नव्हते.

ते लांडग्यांच्या रात्रीच्या खोल्यांमागे पोचले होते. मागे एक बोळ, बोळात सात लोखंडी दारं. पहिल्या दारापाशी उभे राहून ते कडीकडे बघत होते. कडी नुसती लोंबत होती. दुसऱ्या दाराचीही तशीच. सातही दारं उघडी.

"कुणाची पाळी हाय?" तात्या गरजले. असा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "कड्या कुणी ठिवल्या उघड्या? जीव जाईल कुणाचातरी!"

डॉक्टर हसल्या. "आजोबा, इथे कड्यांची गरजच पडत नाही. तीन वर्षांत एकही लांडगा दारापाशी आलेला नाही."

"लांडग्याला कडी न्हाई म्हंजे? ही काय शेळ्या हायत व्हय?"

आणि त्यांनी काम सुरू केलं. दार लोटलं, कडी घातली, एकदा ओढून पाहिली, एकदा ढकलून पाहिली. मग मान किंचित वळवून ओरडले, "कडी!" थांबले. पुढच्या दाराकडे न जाता परत मागे आले, तीच कडी काढली, घातली, ओढली, ढकलली. "कडी!" पुन्हा थांबले. पुन्हा पहिल्यापासून.

पर्यटक जमायला लागले. संग्रामचा चेहरा लाल झाला. "तात्या, बसा आता. झालं. हो, हो, कडी. बसा."

ते बसले नाहीत. डॉक्टर इनामदारांनी टॅबलेट वर केला आणि माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघा. अगदी तुम्ही मोजलीत तशीच. तीच जागा, तीच चार पावलं, मधला रिकामा थांबा. त्यांना त्रास होतोय, शलाकाताई. हा त्रास आपण थांबवू शकतो."

खरंच तसंच दिसत होतं. तात्यांच्या कपाळावर घाम होता. नवव्यांदा की दहाव्यांदा ते ओरडले, "कडी!" मी पेनासाठी पर्समध्ये हात घातला. लपवून काय करू, सही करायलाच घातला होता.

तेवढ्यात दाराच्या आतून लोखंड खडखडलं आणि एक घोगरा आवाज आला, "लागली!"

तात्या थांबले. खांदे खाली आले. एक श्वास सोडला आणि ते दुसऱ्या दाराकडे गेले. कडी घातली, ओढली, ढकलली. "कडी!" आत पावलं वाजली, दार खडखडलं. "लागली!" तिसरं दार. चौथं. सातही दारं दोन मिनिटांत झाली. मग तात्या बोळातल्या बाकावर बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "चहा सांगा कुणीतरी."

सातव्या दाराशेजारच्या खिडकीतून खराटा हातात घेतलेला एक म्हातारा डोकावला. तो महिपती. गावच्या लांडग्यांबरोबर जो एक माणूस बेटावर आला होता, तो हाच.

"मुकादम!" तो म्हणाला आणि रडायलाच लागला. "आत धूत होतो ओ, पाण्याच्या आवाजात आधी ऐकूच आलं न्हाई. तोंडातनं आपोआप निघालं. एकोणीस वर्षं ह्यांच्या हाताखाली काढली मी."

"काय आहे हे?" मी विचारलं. "हे 'कडी, लागली'?"

"पिंजऱ्याचा कायदा की, ताई. बाहेरच्यानं कडी घालायची आणि वरडायचं. आतल्यानं दार हातानं वढून बघायचं आणि मगच 'लागली' म्हणायचं. उत्तर आलं न्हाई तर बाहेरच्यानं जागा सोडायची न्हाई. परत पहिल्यापासनं. आमचा एक गडी त्यापायीच गेला होता. उत्तर न ऐकता पुढं गेला. तवापासनं मुकादमांनी हे लावलं."

मी संग्रामकडे पाहिलं. तो भिंतीला टेकला होता.

"आई म्हणायची," तो हळूच म्हणाला. "तात्या समोरचं दार लावायचे, ओरडायचे, आणि आई मागचं दार ओढून स्वयंपाकघरातनं 'लागली' म्हणायची. मला वाटायचं, थट्टा करतायत एकमेकांची."

मलाही तसंच वाटायचं. अठराव्या वर्षी मी वसतिगृहात गेले आणि ते दोन शब्द घरीच राहिले.

"तू तर रोज ऐकत होतास ना? तीन वर्षं?" माझा आवाज चढला.

"ऐकत होतो! कडी, कडी, कडी. वाटलं सुई अडकलीय. आम्ही म्हणायचो, 'हो तात्या, बसा.' तू ऐकलं नाहीस काय? सहा तासांची फीत तुला दिली होती!"

मी ऐकलं नव्हतं. आमच्या कामाचा पहिला नियम आहे, फीत बघताना आवाज बंद ठेवायचा. जनावर केविलवाणं ओरडलं की बघणाऱ्याचं मन वळतं आणि खुणा चुकतात, म्हणून. हा नियम मी नव्या मुलांना शिकवते. माझ्या वडिलांची फीतही मी आवाज बंद करूनच मोजली होती, आणि किती निःपक्षपातीपणे मोजली याचा मला अभिमानही वाटला होता.

"दे फोन," मी संग्रामला म्हटलं.

तात्यांशेजारी बसून मी ती फीत आवाजासकट लावली. दार, ओढणं, ढकलणं, "कडी!" मग तात्या मान किंचित वळवतात. त्या जागेवर मी खूण केली होती, 'रिकामा थांबा'. तो रिकामा नव्हता. ते कान देऊन उत्तराची वाट बघत होते. आई गेल्याचं ते विसरले होते, पण नियम विसरले नव्हते. पहिल्या तासात त्यांनी एकेचाळीस वेळा हाक मारली. पुढचे पाच तास मला ऐकवेनात. मी फोन बंद केला आणि तिथेच बाकावर ढसाढसा रडले. तात्या बशीतून चहा पीत होते. "काय झालं ओ बाई?" त्यांनी विचारलं.

डोळे पुसून मी महिपतीला विचारलं, "गावाकडे लांडगे येरझारा घालायचे ते कधी?"

"दिवसभर घालायचे की थोड्या. पण पाच वाजले की लई. मुकादम पाचला सायकलवरनं यायचे ना. त्या वाटंच्या अंगाला सगळी नाचायची."

संध्याकाळी पाच ते सहा. तो तास मला चांगला आठवत होता. सगळ्यात जास्त अंक त्या तासाला दिले होते मी. मुक्या फितीत मुकादमांच्या सायकलची घंटा कुठून ऐकू येणार? नऊ लांडगे एका माणसाची वाट बघत होते आणि मी लिहिलं, निरर्थक. त्या शब्दावर हे यंत्र उभं आहे आणि ते यंत्र एकसष्ट लांडग्यांच्या डोक्यात बसलं आहे.

"मी सही करणार नाही," मी डॉक्टर इनामदारांना म्हटलं. "माझा सत्त्याऐंशी अंक खोडा."

"दुसऱ्या निरीक्षकाचा पंचाऐंशी आला आहे."

"त्यानेही आवाज बंद ठेवला असेल."

"अर्थातच."

"अर्थातच! लाज वाटू द्या थोडी. तुम्हालाही आणि मलाही!"

"एका उत्तराने त्यांचा आजार बरा होणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज अजूनही शांत होता, पण टॅबलेट खाली गेला होता. "दोन तासांनी ते परत उठतील. विसरणं वाढत जाईल. तुम्हाला कल्पना आहे?"

"आहे."

संग्राम आता फुटला. "कल्पना आहे? तुला? दिवसातनं साठ वेळा कोण म्हणणार लागली? तू? रविवारी फोनवरनं? स्वातीच्या मनगटाला प्लास्टर आहे, माझी झोप गेलीय, पोरं मित्रांना घरी आणत नाहीत. तू येतेस दिवाळीत, दोन दिवस तात्यांचे लाड करतेस आणि जातेस. सही करायची नाही म्हणे. सोपंय तुला!"

त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणून मी त्याच्यावर आणखी जोरात ओरडले. "मग मी नेते त्यांना! इथूनच नेते. पुण्याला."

"ने! चार दिवसांत फोन करशील, ये आणि घेऊन जा म्हणून."

"मेले तरी करणार नाही!"

पर्यटक लांडगे सोडून आमच्याकडे बघत होते. लांडग्यांनी मात्र मान वळवली नाही.

निघताना तात्या महिपतीपाशी थांबले. "चंद्रीला रोज कडी घालत जा."

"तिला लागत न्हाई आता, मुकादम. ती जात न्हाई कुठं."

"तरी घाल. कडी वाजली म्हंजे हितं दार हाय, हे तरी तिला कळंल."

महिपतीने मान हलवली. डॉक्टर इनामदार ऐकत होत्या.

पुण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझे डोळे पांढरे झाले. माझ्या फ्लॅटला कड्या अशा नव्हत्याच, सगळी दारं बोटाच्या ठशावर चालणारी. लोखंडी कड्या शोधायला जुन्या बाजारात अर्धा दिवस गेला. दोन तासांनी एक फेरी, एका फेरीत पाच दारं, आणि प्रत्येक वेळी उठायचं, दुसऱ्या बाजूचं दार ओढायचं, 'लागली' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. माझा आवाज टिपून ठेवला आणि हाक ऐकली की यंत्रानेच उत्तर द्यावं अशी सोय केली. तात्यांनी पहिल्या दारापाशी हाक मारली, तत्क्षणी उत्तर आलं. ते त्या डबीपाशी गेले आणि संतापून म्हणाले, "आत कोण हाय रे? दार वढून बघितलंस व्हय? एवढ्यात?" मी डबी काढून टाकली.

एकदा आमटी करपली, एकदा ते जिन्यावरून तीन मजले खाली पोचले, एकदा मी त्यांच्यावर इतकी ओरडले की शेजारीण धावत आली. कामावर मी पत्र पाठवलं, की माझे नऊशे तास शामकाच्या शिकवणीतून काढून टाका. तीन ओळींचं उत्तर आलं. आमटीतलं मीठ जसं परत काढता येत नाही तसं ते शक्य नाही, असा त्याचा अर्थ. शब्द अर्थात फार सभ्य होते. मी दुसरं पत्र लिहिलं आहे, ते सभ्य नाही. आता मी सगळ्या फिती आवाज सुरू ठेवून बघते आणि रोज एकाशी तरी भांडते.

पाचव्या दिवशी दुपारी फोन वाजला. संग्राम.

"चार दिवस झाले," तो म्हणाला. "फोन आला नाही तुझा."

"येणारही नाही."

"तात्या जेवतात काय?"

"तुझ्याकडे जेवायचे त्यापेक्षा बरे जेवतात."

"झालं सुरू तुझं! स्वातीनं तीन वर्षं..."

आमची जुंपली. स्वातीवरून आईच्या आजारपणावर गेलो, तिथून मी वसतिगृहात गेले त्या वर्षावर. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता आणि कणीक मळता मळता तावातावाने बोलत होते. समोरच्या दारापाशी तात्यांनी कडी घातली होती, ओढली होती, ढकलली होती आणि हाक मारली होती. माझ्या आवाजात ती मला ऐकूच आली नाही.

संग्रामला आली. तो बोलता बोलता थांबला.

"काय झालं?" मी विचारलं. "बोल ना. आता का गप्प?"

फोनवर पावलं ऐकू आली. मग तिकडे, दोनशे तीस किलोमीटर दूर, त्याच्या घरचं मागचं दार ओढल्याचा आवाज आला. कडी खडखडली.

"लागली, तात्या!" तो मोठ्याने म्हणाला.

समोरच्या दारापाशी तात्यांनी श्वास सोडला. ते आत आले, पाय लांब करून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चहा टाक गं, शलाके."

मग मी आधण ठेवलं आणि आमचं भांडण होतं तिथून पुढे सुरू झालं.